बोट सुटायच्या आधीच लागली

काल रात्री क्रूझच्या बुकिंगचा कागद मेलवर आला. दोघांची नावं, डेक सहावा, केबिनचा नंबर, आणि त्याखाली एक ओळ: 'पलंग : दोन, स्वतंत्र.'

हनिमूनचं बुकिंग आहे. लग्नाला एकवीस दिवस झालेत.

ती ओळ मी तीनदा वाचली आणि नवऱ्याला दाखवली. (हा शब्द अजून नव्या चपलेसारखा चावतो. पण दुसरं काय म्हणणार?) तर तो म्हणाला, "चालेल की. जहाज हललं तर एकमेकांवर आपटणार तरी नाही." आता हे वाक्य त्याचं नव्हतंच. ते काकांचं होतं, जसंच्या तसं. चार दिवस त्याने ते डोक्यात सांभाळून ठेवलं होतं आणि माझा वाढदिवस मात्र अजून मोबाइलमध्ये बघून सांगतो.

काका आमचे कोणी नव्हेत. बुकिंगच्या ऑफिसात आम्ही दोघं टेबलासमोर बसलो होतो आणि आमच्या पाठीमागच्या सोफ्यावर काका-काकू होते. त्यांचं काम कधीच झालं होतं, पावती खिशातून डोकावत होती. पण एसी गार होता आणि समोर आम्ही होतो, त्यामुळे उठायचं काही कारण नव्हतं.

टेबलापलीकडच्या मुलीने विचारलं, "इनसाइड, ओशन व्ह्यू की बाल्कनी?" मी 'बाल्कनी' म्हणायला तोंड उघडलं आणि मागून आवाज आला, "पहिल्यांदाच का?"

आम्ही दोघांनीही एकदम मागे वळून पाहिलं.

"क्रूझ म्हणतोय मी," काकांनी मोठ्याने खुलासा केला. तोवर ज्यांचं लक्ष नव्हतं त्यांचंही त्या खुलाशाने गेलं.

"आमच्या चौदा झाल्या," काका म्हणाले. काकू भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत होत्या. "बाल्कनी कशाला घेता? हनिमूनला बाहेर बघायला वेळ मिळणारे का तुम्हाला?"

शेजारच्या टेबलावर फॉर्म भरणाऱ्या गृहस्थांचं पेन थांबलं. मुलीने मान कीबोर्डात घातली. माझा नवरा, ज्याच्याबरोबर मी अख्खं आयुष्य काढणार आहे, तो हसला. आणि काकांना तेवढंच हवं होतं. ते सोफ्यावरून उठले, खुर्ची ओढून माझ्या आणि नवऱ्याच्या बरोबर मध्ये बसले आणि 'तुम्ही'वरून 'तू'वर आले.

"इनसाइडही घेऊ नकोस. खिडकीच नसते. दिवा मालवला की दुपार आहे का मध्यरात्र, काही कळत नाही. एकदा आम्ही आंघोळी करून नाश्त्याला गेलो, तर पहाटेचे तीन!"

"मग ओशन व्ह्यू?" नवऱ्याने विचारलं. मला नाही, काकांना.

"विचारून घे. काही खिडक्यांसमोर लाइफबोट टांगलेली असते. पैसे समुद्राचे भरायचे आणि दर्शन नारिंगी बोटीचं."

खरी चीड याची आली की माणूस बरोबर बोलत होता. बढाईखोर असता तर हसून सोडून दिलं असतं. पण काका थाप मारत नव्हते. त्यांनी मुलीच्या टेबलावरची पट्टी उचलली, पेनवर आडवी ठेवली आणि एक टोक दाबलं. "हे जहाज. हा पुढचा भाग, हा मागचा. लाटेवर दोन्ही टोकं अशी वरखाली होतात. मधल्याला काही होत नाही." मग त्यांनी माझा पासपोर्ट घेतला (मला विचारून? छे!) आणि पट्टीच्या टोकावर ठेवला. "ह्या तुझ्या बायकोने हट्टाने पुढची केबिन घेतली." पट्टी कलंडली, पासपोर्ट जमिनीवर. "बघितलंस?"

मी पासपोर्ट उचलला. हट्ट मी केलाच नव्हता. मला बोलायलाच कुठे मिळालं होतं?

"मधोमध घे आणि खालच्या डेकवर घे. डोक्यावर पोहण्याचा तलाव नको, पहाटे खुर्च्या ओढतात. पायाखाली थिएटर नको, रात्री ढोल वाजतात. वरही केबिन आणि खालीही केबिन, अशी बघ." मुलगी हे सगळं भराभरा टाइप करत होती. मला वाटतं तिलाही हे कोणी आजवर इतकं नीट सांगितलं नसावं.

मग नावाचा विषय निघाला. बुकिंग पासपोर्टवरच्या नावानेच करावं लागतं आणि माझ्या पासपोर्टवर माझं आडनाव आहे. काकांनी दोन्ही पासपोर्ट शेजारी शेजारी धरले. एकदा माझ्याकडे पाहिलं, एकदा त्याच्याकडे.

"लग्न झालंय ना?"

"झालंय."

"मग परत आल्यावर आडनाव बदल. आधी बदलशील तर तिकीट एका नावाचं आणि पासपोर्ट दुसऱ्या नावाचा. बंदरातूनच घरी."

"मी बदलणारच नाहीये," मी म्हणाले. त्या दुपारचं माझं हे पहिलं पूर्ण वाक्य. काका क्षणभर गप्प झाले. कॅलेंडर सोडून काकूंनी पहिल्यांदाच माझ्याकडे पाहिलं.

पण गप्प बसणं काकांना सोसत नाही. "मेणबत्त्या नेणार असशील तर नेऊ नकोस," ते म्हणाले. आता माझ्या मैत्रिणीने मला सुगंधी मेणबत्त्या दिल्या आहेत हे या माणसाला कसं कळलं, देव जाणे. "काढून घेतात. मेणबत्ती, इस्त्री, किटली, काही चालत नाही. भर समुद्रात आग लागली तर पळणार कुठे?"

"इस्त्री चालत नाही?" नवरा दचकला. मेणबत्त्यांना तो दचकला नव्हता, हे मी मनात लिहून ठेवलंय.

"आणि समजा काही बरंवाईट झालंच," काकांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला, "तरी काळजी नको. दवाखाना असतो. शवागारही असतं."

हनिमूनच्या बुकिंगला बसलेल्या जोडप्याला धीर देण्याची ही पद्धत मी कुठे ऐकली नव्हती. शेजारचे गृहस्थ फॉर्म तसाच टाकून उघड उघड आमच्याकडे तोंड करून बसले होते. त्यांनी माहितीखातर विचारलं, "किती जणांचं?" आणि काका त्यांना उत्तर देऊ लागले.

ती संधी साधून मी मुलीकडे वाकले आणि हळूच म्हणाले, "बाल्कनीच द्या." ती म्हणाली, "मॅडम, डबल बेड ना?" तिनेही हळूच विचारलं होतं. पण काकांचे कान वयाच्या मानाने फारच चांगले.

"डबल बेड नसतोच तो!" काका वळले. "दोन सिंगल असतात, एकमेकांना चिकटवलेले. वरून एक चादर. मध्ये फट. रात्री फट मोठी होते. एकदा माझा चष्मा गेला आत. एकदा हात गेला, इथपर्यंत." त्यांनी कोपर दाखवलं. "तुम्ही नवीन आहात, तुम्ही तर मधोमधच झोपणार. म्हणजे थेट फटीत! वेगळेच ठेवा. जहाज हललं तर एकमेकांवर आपटणार तरी नाही." आणि मुलीकडे बघून, "लिहा, वेगवेगळे."

मला वाटलं, ती लिहिणार नाही. कीबोर्डचा आवाज मी ऐकला होता, तरी वाटलं की ती दुसरंच काहीतरी लिहितेय.

चिडले की मी वाचत बसते. काल मध्यरात्री, 'दोन, स्वतंत्र' वाचून झाल्यावर, मी क्रूझचा सगळा इतिहास काढून बसले. १८९१ च्या जानेवारीत आल्बर्ट बालिन नावाच्या जर्मन माणसाने 'आउगुस्टा व्हिक्टोरिया' हे जहाज भूमध्य समुद्राच्या सहलीला काढलं. का? तर हिवाळ्यात अटलांटिक ओलांडायला गिऱ्हाईक मिळेना आणि जहाज रिकामं उभं राहायचं. म्हणजे हा सगळा थाट कोणाच्या हौसेतून आलेला नाही, तो उभ्या जहाजाच्या खर्चातून आलाय. आणि हे कळल्यावर मग बिल समजायला लागतं. भाडं दर माणशी, पण एका केबिनमध्ये दोघं धरून. एकट्याने गेलात तर दुसऱ्या नसलेल्या माणसाचेही पैसे बहुतेक ठिकाणी तुम्हीच भरा. 'सगळं त्यात आलं' म्हणतात, आणि मग टिप वेगळी, तीही दर माणशी, दर दिवशी. वायफाय वेगळं. बंदरावर उतरून गाव बघायचं तर त्याची सहल वेगळी. पेयांच्या पॅकेजची तर कमाल आहे. केबिनमधल्या एकाने घेतलं की पुष्कळ जहाजांवर दुसऱ्यालाही घ्यावंच लागतं. माझा नवरा थेंबाला शिवत नाही, मला कधीतरी एखादी वाइन चालते. म्हणजे माझ्या एका ग्लासासाठी त्याने आठवडाभर सरबताचे पैसे दारूच्या भावाने मोजायचे. एकाच्या पॅकेजवर दोघं प्यायले तर? म्हणून हा नियम. एकवीस दिवसांपूर्वी लग्नात जो जो भेटला त्याने सांगितलं, आता सगळं वाटून घ्यायचं. जहाजावर मात्र ग्लास वाटून घेतला तर चोरी.

याच वाचनात मला काकांची एक चूक सापडली. ते म्हणाले होते, "आताची जहाजं अडीच-अडीच लाख टन वजनाची. बोट लागायचा प्रश्नच नाही." तर २०२४ साली निघालेल्या 'आयकॉन ऑफ द सीज' या जहाजाचा आकडा खरोखरच २,४८,६६३ आहे, पण ते वजन नव्हेच! ग्रॉस टनेज म्हणजे जहाजाच्या पोटातली बंदिस्त जागा. रात्री पावणेदोनला मी टाळी वाजवली. नवरा जागा झाला. मी त्याला सांगितलं की काका चुकले. तो म्हणाला, "कुठले काका?" आणि कूस बदलून झोपला. डबल बेडवर.

बोट लागण्यावरून आठवलं. मराठीत बोट किनाऱ्याला लागते आणि माणसालाही लागते, आणि त्या दोन्हींचा काही संबंध असेल असं मला त्या दुपारपर्यंत वाटलं नव्हतं. काका शेजारच्या गृहस्थांना शवागार समजावत होते तेव्हा मी काकूंच्या बाजूला जाऊन बसले होते. काहीतरी बोलायचं म्हणून म्हटलं, "चौदा वेळा! मजा येत असेल."

"मला बोट लागते," काकू म्हणाल्या.

"पहिल्यांदा लागली का?"

"चौदाही वेळा."

"काकांना सांगितलं नाहीत?"

"सांगितलं की. म्हणून तर मधली केबिन घेतात."

हे काकांनी तिकडून ऐकलं. "अहो, नेल्सनलासुद्धा लागायची!" ते ओरडले. "एवढा मोठा आरमाराचा सेनापती! म्हणून त्याने आरमार सोडलं?"

"त्याला पगार मिळत होता," काकू म्हणाल्या. आणि पुन्हा कॅलेंडरकडे बघू लागल्या.

आज सकाळी मी ऑफिसला मेल केला, की पलंगाची ओळ बदलून द्या. तासाभरात उत्तर आलं. कागदावर आता काही बदलता येणार नाही, पण काळजी नसावी. जहाजावर चढल्यावर केबिनच्या अटेंडंटला सांगा, तो पाच मिनिटांत दोन्ही जोडून देईल. म्हणजे जहाजावर पाय ठेवल्या ठेवल्या, पिशव्या हातात असताना, एका अनोळखी माणसाला गाठून मी सांगायचं की दादा, आमचे पलंग जवळ आणा. नवरा म्हणतो, मी सांगतो. तो सांगणार नाही. त्याला इस्त्रीचं काय करायचं ते विचारायचं असेल.

त्या दिवशी निघताना काकांनी नवऱ्याशी हात मिळवला आणि स्वतःचा नंबर दिला, 'काही अडलं तर' म्हणून. काकू मागे रेंगाळल्या. माझ्या दंडाला धरून म्हणाल्या, "बाथरूमच्या बाजूची खाट तू घे हं." मला तेव्हा वाटलं, म्हातारं माणूस आहे, काहीतरी बोलतंय.

आता नवऱ्याला सांगून ठेवलंय. खाटा जोडून मिळोत नाहीतर न मिळोत, ती बाजू माझी.