हजेरी हवी की काम?

'पाचही दिवस ऑफिसला या!' असा कंपनीचा हुकूम. कशासाठी? हेडफोन लावून दुसऱ्या शहरातल्या टीमशी व्हिडिओ कॉल करायला? जायला दीड तास, यायला दीड तास. आठवड्याचे १५ तास रस्त्यात गेले, ते कोण भरून देणार? ट्रिप डॉट कॉम या चिनी प्रवास-बुकिंग कंपनीच्या १,६१२ कर्मचाऱ्यांवरचा प्रयोग २०२४ मध्ये 'नेचर' या विज्ञान नियतकालिकात छापून आला. आठवड्यातून दोन दिवस घरून काम दिलं, तर राजीनामे एक तृतीयांशाने घटले, कामगिरी घसरली नाही. तरी कार्डाचे पंच मोजत बसायचे?

आणि रागाच्या भरात राजीनामा टाकू नका! आधी नेमणूकपत्रातलं कामाच्या ठिकाणाचं कलम वाचा, नोटीस पिरियड आणि बोनसची तारीख बघा. घरून कामाची सवलत ईमेलवरच मागा. तोंडी 'चालेल' म्हणणारा मॅनेजर बदलला, की संपलं सगळं.