चारही चाकांना डिस्क? आधी हे वाचा

फोंड्याच्या माझ्या भाच्याने आजोबांच्या प्रीमियर पद्मिनीत एस्टीमचे १.३ लिटरचे इंजिन बसवून घेतले. परवा त्याने ब्रेकविषयीचा एक फॉरवर्ड पाठवला आणि विचारले, “मामा, हे सामान मागवू ना?” जुन्या गाड्यांच्या हौशी मंडळींत हा मेसेज केव्हाचा फिरतो आहे. त्याचे म्हणणे असे: चारही चाकांना सारखेच डिस्क ब्रेक (चाकाबरोबर फिरणारी तबकडी दोन पॅडमध्ये पकडणारे) लावा, गाडी निम्म्या अंतरात थांबते, मोठ्या बोअरचा (आतल्या व्यासाचा) मास्टर सिलिंडर, म्हणजे पेडल दाबल्यावर ब्रेकच्या ऑइलला दाब देणारा सिलिंडर, घाला, ब्रेक जोरात लागतात, हँडब्रेक काढून टाकला तरी चालतो, आणि ब्रेक ऑइल डॉट ५ प्रतीचे (सिलिकॉनचे) भरा, ते दमट हवेत पाणी धरत नाही.

यातली मागच्या डिस्कची गोष्ट जिवावर बेतणारी आहे. पद्मिनीचे वजन नऊशे किलोच्या आसपास, पुढच्या-मागच्या चाकांमधले अंतर २३४ सेंटिमीटर. करकचून ब्रेक मारला की गाडी नाक खाली घालते आणि मागच्या चाकांवरचा सव्वाशे-दीडशे किलो भार पुढे सरकतो. मागे भार कमी आणि ब्रेक मात्र पुढच्याइतकाच, म्हणजे मागची चाके आधी जाम होणार. पुढची जाम झाली तर गाडी निदान सरळ घसरते. मागची झाली की गाडीची शेपूट फिरते, आणि मग स्टिअरिंग हातात असून नसल्यासारखे. जुलैच्या पावसात चोर्ला घाटात लाल माती रस्त्यावर वाहून आलेली असताना हे झाले तर काय होईल, याचा विचार हा मेसेज पुढे ढकलणाऱ्या एकानेही केलेला नाही.

निम्म्या अंतराचा दावाही खोटा. चाक जाम होईपर्यंत पकडणारा ब्रेक असेल, तर पुढचे सगळे टायर आणि रस्ता ठरवतात. ताशी ६० किलोमीटर वेगात, कोरड्या डांबरावर, ब्रेक लागल्यापासून गाडी थांबायला साधारण १८ मीटर लागतात. निसरड्या रस्त्यावर त्याच्या दुप्पट. पद्मिनीचे मूळचे ड्रम ब्रेक (फिरत्या डब्याला आतून लायनर दाबणारे) नीट जुळवले तर तेही चाक जाम करतात.

बरे, पुढच्या चाकांना डिस्क हव्यात, हे मान्य करावेच लागेल. लांब उतारावर ड्रम तापले की पेडल दाबूनही गाडी धरत नाही, आणि पाण्यातून गेल्यावर लायनर भिजले तर पहिले काही ब्रेक फुकट जातात. डिस्क लवकर थंड होते, लवकर सुकते. इंजिन वाढवले आहे तर पुढे डिस्क घालाच. मागे मात्र ड्रमच राहू द्या.

मास्टर सिलिंडरचे गणित तर चक्क उलटे सांगितले आहे. पाऊण इंचाऐवजी एक इंचाचा बोअर घेतला की पिस्टनचे क्षेत्रफळ पावणेदोन पटींहून थोडे जास्त होते, आणि पायाचा जोर तेवढाच असताना ऑइलचा दाब ५६ टक्क्यांवर येतो. पेडल टणक लागते, म्हणून ब्रेक सुधारल्याचा भास होतो. डिस्कवर पॅड दाबणाऱ्या कॅलिपरला ऑइल जास्त लागते, त्यामुळे बोअर थोडा वाढवावा लागेलही, पण मग सोबत पायाचा जोर वाढवणारा बूस्टर हवा. खरी गरज आहे ती टँडम सिलिंडरची, म्हणजे दोन स्वतंत्र ऑइल लाइन चालवणाऱ्या सिलिंडरची. भाच्याच्या गाडीत अजून मूळचा सिंगल सर्किट आहे, म्हणजे चारही चाकांना मिळून एकच लाइन. एक होज (रबरी नळी) फुटला की चारही ब्रेक गेले. याबद्दल मेसेजमध्ये अवाक्षर नाही. ड्रमसाठीच्या सिलिंडरमध्ये लाइनमध्ये थोडा दाब धरून ठेवणारा व्हॉल्व्हही असतो. तो डिस्कच्या लाइनवर राहिला तर पॅड सतत घासतात. चाक जॅकवर उचला, पेडल दाबून सोडा आणि हाताने फिरवून बघा, लगेच कळते.

हँडब्रेकचे उत्तर केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधल्या नियम ९६ मध्ये आहे: पायाचा ब्रेक आणि पार्किंग ब्रेक, दोन स्वतंत्र आणि कार्यक्षम यंत्रणा हव्यात. पुढचे कॅलिपर मागे लावले की त्यांना हँडब्रेकची सोय बहुतेक नसते, म्हणून हा ‘सल्ला’ आला.

डॉट ५ पाणी शोषत नाही, हे खरे. पण आत शिरलेले पाणी मग वेगळे राहून तळाशी साचते, तिथे गंज धरतो आणि १०० अंशांना त्याची वाफ होते. नेहमीच्या डॉट ४ मध्ये डॉट ५ मिसळायचेही नाही. साधे डॉट ४ भरा, आणि आमच्या हवेत दर पावसाळ्यानंतर बदला.