रिळं जोडणाऱ्या हातांबद्दल

जुने चित्रपट जतन करणारे दिग्दर्शक शिवेंद्रसिंह डुंगरपूर यांच्या कारकिर्दीवरचा तुमचा लेख मनापासून आवडला. त्यात राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाचे संस्थापक पी. के. नायर यांच्यावरचा माहितीपट ‘सेल्युलॉइड मॅन’ (२०१२) आला, चित्रपट जतनासाठी २०१४ मध्ये सुरू केलेलं फिल्म हेरिटेज फाउंडेशनही आलं; पण रिळं दुरुस्त करणाऱ्यांचं काम दोन ओळींत उरकलंय. त्यांची नावं चित्रपटाच्या श्रेयनामावलीत यायला हवीत, इतकं ते नाजूक काम आहे.

डबा उघडताच व्हिनेगरसारखा आंबूस वास आला, तर ॲसिटेट फिल्म (ॲसिटेट या प्लास्टिकच्या पट्टीची फिल्म) कुजायला लागली समजा. ते आम्ल डब्यात कोंडलं की कूज आणखी वेग घेते. म्हणून गंजका पत्र्याचा डबा आधी बदलायचा आणि ते रीळ बाकीच्यांपासून लांब ठेवायचं. मग लाइट टेबलवर हाताने, सावकाश गुंडाळत तपासणी. ३५ मिमीच्या एका फुटात १६ फ्रेम, प्रत्येक फ्रेमच्या दोन्ही कडांना चार-चार भोकं; म्हणजे हजार फुटी रिळात १६ हजार फ्रेम बोटांखालून जातात. सिमेंटचा (फिल्म चिकटवायच्या द्रवाचा) जोड लावताना इमल्शन, म्हणजे पट्टीवरचा चित्राचा थर, पार तळापर्यंत खरवडावं लागतं. जरा राहिलं तरी जोड पकडत नाही, प्रोजेक्टरच्या गेटमध्ये (जिथे फ्रेमवर प्रकाश पडतो तिथे) उकलतो. जास्त खरवडलं तर पट्टी तिथेच मोडते. पॉलिएस्टरच्या फिल्मला हे सिमेंट चालतच नाही, तिथे टेप किंवा अल्ट्रासॉनिक जोड.

आणि फिल्म एक टक्क्याच्या आसपास आकसली की भोकं प्रोजेक्टरच्या चाकांच्या दात्यांवर नीट बसत नाहीत. तशीच प्रोजेक्टरवर चढवली तर कडा चरचर फाटत जातात. तिला बिनदात्यांचा स्कॅनरच हवा.