गाडी सगळ्यात शेवटी घ्या

साउंडच्या धंद्यात उतरताय आणि माल न्यायला जुनी गाडी बघताय ना, मग पहिली गोष्ट लक्षात ठेवा, गाडी सगळ्यात शेवटी घ्यायची. आधी बेस घ्या, म्हणजे छातीत दणका देणारी मोठी खोकी, टॉप घ्या, म्हणजे वरचा आवाज देणारी, अ‍ॅम्प घ्या, मिक्सर घ्या, मग चार शार्पी, म्हणजे आकाशात झोत मारणारे लाइट घ्या कारण शेजारच्या गावातल्याकडे सहा आहेत, मग व्हिजिटिंग कार्ड छापा, त्यावर तुमचा गॉगल लावलेला फोटो, मग चौकात फ्लेक्स. एवढं सगळं झालं की खिशात जे उरेल आणि मेहुण्याकडून जे उसनं मिळेल त्यात गाडी. सहा लाखाचा माल अन् पाऊण लाखाची गाडी, हे गणित आपल्याकडे वर्षानुवर्षं चालत आलंय, ते तुमच्यापासून मोडायला नको. गाडी काय वाजते थोडीच. म्हणजे वाजते, सगळीकडून वाजते, पण त्याचे कोणी पैसे देत नाही.

बघायला जाताना टेप अजिबात नेऊ नका, नजरेनं मापायचं, आपली नजर बसलेली असते. आता छोटा हत्ती घ्या. टाटाचा एस, २००५ साली आला आणि तेव्हापासून गावोगावच्या हळदी त्याच्याच हौद्यातून चाललेल्यात. हौदा साधारण ७ फूट लांब, पावणेपाच फूट रुंद, माल पाऊण टन, म्हणजे ७५० किलो. आपले अठरा इंची दोन-दोन स्पीकरचे डबल बेस एकेक ९० किलोच्या आसपास, चार घेतले की ३६०. चार टॉप, चाळीस-चाळीसचे धरा, झाले ५२०. अ‍ॅम्पचा रॅक शंभर, ६२०. केबलच्या पेट्या, स्टँड, मिक्सर, बोर्ड, हे अजून शंभर. ७२०! बसलं की नाही, ३० किलो शिल्लकसुद्धा राहिले. आता उरला जनरेटर आणि पाच पोरं. पोरांचं वजन धरायचं नसतं, पोरं म्हणजे माल नव्हे, पोरं मालावर बसतात. हौद्यात बसून आलेल्या माणसाला काही झालं तर विमा कंपनी पहिला प्रश्न विचारते की हा तिथे कशाला बसला होता, तेव्हा "बेस धरायला" हे उत्तर पोरांकडून आत्ताच पाठ करून घ्या. आणि जनरेटरचं काय, असं विचारत असाल तर तुम्ही या धंद्यात नवीन आहात, जनरेटर मागे दोरीनं बांधून नेतात.

तसं २०१९ च्या दुरुस्तीनं ओव्हरलोडचा दंड २०,००० आणि वर जादा टनामागे २,००० केलाय, पण तो वाळूवाल्यांसाठी असावा. आपण कलाकार माणसं.

छोटा हत्तीही परवडत नसेल तर ओम्नी. कंपनीनं २०१९ ला बनवणं बंद केलं म्हणून काय झालं, आपल्याकडे ती अजून तरुण आहे. ७९६ सीसीचं इंजिन तुमच्या सीटखालीच असतं, त्यामुळे जानेवारीतल्या लग्नाला फार बरं वाटतं आणि मे मधल्या लग्नाला घरी पोचेपर्यंत माणूस पुढून कोरडा अन् खालून शिजलेला असतो. घेताना गॅसवालीच घ्या. गॅसची टाकी बरोबर त्याच जागी असते जिथे अ‍ॅम्पचा रॅक बसणार होता, त्यामुळे रॅक पुढे सरकतो, रॅकच्या जागचा बेस टपावर जातो, आणि टपावर बेस गेला की गाडीला रस्त्यात सगळे ओळखतात. पाटी पांढरी आहे, भाड्याची कामं करतो, मग पिवळी पाटी लागते का, असले प्रश्न तुम्हाला पडणारच नाहीत, ते नाक्यावर उभ्या असलेल्या साहेबांना पडतात.

थोडं विषयांतर करतो, पण मला याची फार गंमत वाटते. आमच्या सातारा-सांगली-कोल्हापूर पट्ट्यात सगळ्या मोठ्या साउंडला डॉल्बी म्हणतात, आत डॉल्बीचा एक स्क्रूसुद्धा नसतो, ती अमेरिकेतली कंपनी, तिला या पट्ट्यातल्या हळदीचा पत्ताही नसेल. आणि टेम्पो हाही असाच, हॅम्बुर्गकडच्या एका जर्मन कंपनीचं नाव, तिची तीनचाकी आपल्याकडे बजाज टेम्पोनं बनवली, मग आकुर्डीहून मॅटाडोर आली, मग कंपनीचं नावच फोर्स झालं, पण आपण माल वाहणाऱ्या प्रत्येक गाडीला टेम्पोच म्हणत राहिलो. म्हणजे "डॉल्बी टेम्पोत चढव रे" असं आपण म्हणतो तेव्हा एक अमेरिकन आणि एक जर्मन अशा दोन कंपन्यांची नावं घेतो आणि दोघींचाही त्या मालाशी संबंध नसतो, त्यातला माल गावातल्या सुतारानं प्लायवूड कापून बनवलेला असतो आणि गाडी तिसऱ्याच्याच नावावर असते.

तिसऱ्याच्या नावावर कशी, ते पुढे सांगतो. आधी विकणारा काय बोलतो ते ऐका, कारण गाडी बघण्यापेक्षा विकणाऱ्याला ऐकणं जास्त महत्त्वाचं. "मालकानं स्वतः चालवलीय, ड्रायव्हरच्या हातात दिलेलीच नाही." हे वाक्य आलं की निम्मा विश्वास टाकायचा. दुसरं वाक्य, "फक्त हलका माल वाहिलाय." इथे उरलेला निम्मा. आता काही नाठाळ लोक असतात, ते हौद्याचा पत्रा बघतात, गाडीखाली वाकतात, पाटे, म्हणजे चाकांवरच्या स्प्रिंगच्या पट्ट्या, मोजतात. कंपनीनं दिलेल्यापेक्षा पाटा जास्त निघाला तर म्हणतात हिनं वीट वाहिलीय नाहीतर वाळू, तिचं कंबरडं मोडलंय. तुम्ही उलट विचार करा, जादा पाटा फुकट मिळाला. फक्त एवढंच की पाटे वाढवलेली गाडी निम्म्या मालावर दगडासारखी उडते, मग मिक्सरचे फेडर, क्रॉसओव्हरचे टाके, टॉपच्या कॉइल असं सगळं जरा मोकळं होतं आणि स्टेजवर पोचल्यावर डावा टॉप बोलत नाही. तेव्हा आयोजकाला सांगायचं, लाइटचा प्रॉब्लेम आहे तुमच्याकडे.

आधीच्या जन्मी गाडी काय होती याचा फार विचार करू नका म्हणतो मी, पण करायचाच असेल तर मासळीची घ्या. रत्नागिरीकडून आलेली. स्वस्त पडते, पंचवीस-तीस हजारानं तर सहज, आणि का पडते ते बर्फाचं खारं पाणी वर्षानुवर्षं ज्या पत्र्यातून गळत होतं तो पत्रा बघितला की कळतं, म्हणजे जिथे पत्रा होता ती जागा. त्यावर नवीन काळा रंग मारलेला असतो, चकचकीत, अगदी चासीला सुद्धा. चासीला ताजा रंग दिसला की आमच्यातले जुने लोक नुसते हसतात आणि चहा पिऊन निघून येतात, तुम्ही मात्र म्हणायचं वा, किती निगा राखलीय. आता प्रत्येक साउंडवाल्याच्या घरी जळालेल्या स्पीकरचा मॅग्नेट पडलेला असतोच, तो फडक्यात गुंडाळून दरवाज्याला, कोपऱ्याला लावून बघितला की जिथे चिकटत नाही तिथे पत्रा नाही, पुट्टी आहे, हे एका मिनिटात कळतं. म्हणून तो मॅग्नेट घरीच ठेवा, कशाला एखाद्याचं मन दुखवायचं. वासाचं म्हणाल तर वास जातो. बेसच्या कार्पेटमध्ये जातो. मग शुद्ध शाकाहारी लग्नात पहिला कट सोडलात की समोरच्या रांगेतल्या आज्ज्या पदर नाकाला लावतात आणि केटररकडे बघतात.

दुधाची गाडी मिळाली तर घेऊ नका. रोज पहाटे ३ ला निघालेली, एकाच रस्त्यानं, वेळेवर ऑइल बदललेली, किलोमीटर भरपूर पण शिस्तीचे. अशी गाडी घेतली तर चालत राहते आणि तुम्हाला सांगण्यासारखं काही उरत नाही.

चालवून बघायची ती सपाटीला, रिकामी, संध्याकाळी, विकणारा शेजारी बसून गाणी लावत असताना. तुम्ही पोचता तेव्हा इंजिन गरम असतं, ते का असतं हे विचारायचं नाही, तुमच्या स्वागतासाठी तापवलेलं असतं. थंड इंजिन स्वतः स्टार्ट करून धूर बघणं, ऑइलचं झाकण उघडून वाफ मारते का ते बघणं, हे संशयी स्वभावाचं लक्षण. आणि माल भरून घाटात नेऊन बघणं तर अजिबातच नाही, घाट कुठे पळून जातोय, सीझनला जायचंच आहे.

मी असाच गेलो. पहिली गाडी, सपाटीला लोण्यासारखी. शिरवळहून वाईकडची हळद घेतली होती, ७ ला सुरू. खंबाटकी घाटाच्या तिसऱ्या-चौथ्या वळणाला वास यायला लागला, मी म्हटलं पुढच्या ट्रकचा असेल, पुढे ट्रक नव्हता. क्लच प्लेट गेली. साताऱ्याकडे जाताना तेव्हा घाट चढावाच लागायचा, बोगदा पुण्याकडे येणाऱ्यांसाठी होता, म्हणजे डोंगराच्या पोटातून लोक सुखानं पुण्याला निघाले होते म्हणायचं. पाच पोरांनी चाकाखाली दगड लावले, एकानं वरच्या वळणावरच्या माकडांचे फोटो काढले, नवरदेवाच्या मामाचे अकरा मिस्ड कॉल. साडेनऊला दुसऱ्याच्या पिकअपमध्ये, भर घाटात, चढावर, ९० किलोचं एकेक खोकं या हौद्यातून त्या हौद्यात. पोचलो तेव्हा पावणेअकरा. लाउडस्पीकरचा नियम रात्री १० ते सकाळी ६ बंद, हे २००० सालापासून आहे आणि त्या गावात नेमका पाळला जात होता. हळद छान झाली होती, ब्लूटूथच्या एका छोट्या डब्यावर, पोरं नाचून दमून जेवत होती. मामांनी विसार परत घेतला आणि आम्हाला जेवायला वाढलं. जिलेबी होती. त्या जिलेबीची चव मला अजून आठवते आणि अजून राग येतो.

त्यानंतर नऊ फुटी हौद्याची बोलेरो पिकअप बघितली एक, गाडी दणकट होती पण हौदा आपल्या कमरेच्या वर. दुपारी ११ ला माल उतरवताना हे जाणवत नाही, तेव्हा पोरं ताजी असतात आणि मुलीकडचे बघत असतात. रात्री १ ला, पंगत उठलेली, मंडपवाला झालर सोडतोय, दोन पोरं सापडत नाहीत आणि तिसरं कोणाच्या तरी बाइकवरून घरी गेलंय, तेव्हा तो वरचा एक फूट कळतो. चार इंची फळी आणि दोन खिळे मारले की उतार तयार होतो म्हणतात, आमच्याकडे अजून फळी घ्यायची आहे, पाच वर्षं झाली.

आता कागदं. कागदं बघू नका. आरसीवर ज्याचं नाव आहे तो विकणारा नसतो, विकणाऱ्यानं ज्याच्याकडून घेतली तोही नसतो, त्या दोघांच्या मध्ये कुठेतरी सही केलेले टीटीचे, म्हणजे गाडी दुसऱ्याच्या नावावर करायचे फॉर्म फिरत असतात, त्यावर तारीख नसते. बँकेचा बोजा उतरलाय का, तर "हप्ते फिटलेत, फक्त कागद आणायचा राहिलाय." तो कागद गेली तीन वर्षं राहिलेला असतो. पासिंग, म्हणजे आरटीओची फिटनेस तपासणी म्हणाल तर मालवाहू गाडीला पहिली ८ वर्षं दोन वर्षांतून एकदा आणि मग दरवर्षी, आणि तुम्ही घेताय ती नेमकी दरवर्षीवाली, नेमकी मागच्या महिन्यात संपलेली. गाडीचा नंबर मोबाइलवर टाकला की चलन किती थकलेत, विमा कधी संपला, सगळं दिसतं, पण तो मोबाइल तुम्ही गाडीचा पुढून फोटो काढून स्टेटसला ठेवायला आणलेला असतो. हौदा कापून, वेल्डिंग करून स्पीकरची भिंत उभी करायचा विचार असेल तर लगेच करा, मोटार वाहन कायद्यात आरसीत नोंदलेल्या बांधणीत असा बदल चालत नाही, म्हणून लगेच, कोणी सांगायच्या आत.

ताडपत्रीबद्दल बोलायचं राहिलं. ती गाडीबरोबर फुकट मिळते, भोकांसकट.

दोन सीझन काढले की तुम्हीही ती विकायला काढाल. चासीला काळा रंग मारा, पाटा राहू द्या, समोरचा येण्याआधी अर्धा तास इंजिन चालू ठेवा. तो विचारेल, दादा, यात काय वाहायचा तुम्ही? तेव्हा जरा हसायचं, बॉनेटवर हात ठेवायचा. "साउंडचा माल हो. नुसती लाकडी खोकी, आतून पोकळ. मालकानं स्वतः चालवलीय."