खडकवासल्याची भिंत आणि तुमचे तीन आक्षेप

नमस्कार. तुमची प्रतिक्रिया सविस्तर होती त्यामुळे उत्तरही लांबलंय, सांभाळून घ्या. बाकीच्या वाचकांसाठी तुमचं म्हणणं थोडक्यात सांगतो. एक, पुण्याजवळच्या खडकवासल्याच्या जुन्या धरणावर लिहिताना मी इंग्रजांची आरती ओवाळली, धरण तर त्यांनी स्वतःच्या छावणीसाठी बांधलं होतं. दोन, ज्या विश्वेश्वरय्यांनी ते बांधलं त्यांना मी दोन ओळींत गुंडाळलं. आणि तीन, जे धरण 1961 ला पत्त्याच्या बंगल्यासारखं कोसळलं त्याच्या मजबुतीचं कसलं कौतुक करताय.

मधला मुद्दा आधी घेतो, तो लगेच निकालात निघतो. धरणाचं काम सुरू झालं 1869 ला आणि संपलं 1879 ला. विश्वेश्वरय्यांचा जन्म 1861 चा. म्हणजे पाया खणला जात होता तेव्हा ते आठ वर्षांचे होते हो! धरण उभं राहिलं ते कर्नल फाइफ या लष्करी इंजिनिअरच्या हाताखाली, म्हणून तर जुन्या नकाशांवर तलावाचं नाव 'लेक फाइफ' दिसतं. विश्वेश्वरय्या पुण्यात शिकून (आज ज्याला आपण सीओईपी म्हणतो त्या इंजिनिअरिंग कॉलेजात) 1884 ला मुंबई इलाख्याच्या पीडब्ल्यूडीत लागले, आणि खडकवासल्याला त्यांचा हात लागला तो 1903 मध्ये, सांडव्यावर, म्हणजे जादा पाणी सोडायच्या वाटेवर, स्वयंचलित दारं बसवली तेव्हा. ती दारं खरंच भारी होती. मूळ भिंतीची उंची न वाढवता तलावात साधारण आठ फूट जास्त पाणी अडवता यायला लागलं, आणि पूर आला, पाणी ठरलेल्या रेषेच्या वर गेलं की दारं आपली आपण उघडायची, ओसरलं की मिटायची, रात्री-बेरात्री पावसात कुणी चाक फिरवत उभं राहायची गरज नाही. पुढे ग्वाल्हेरजवळच्या तिग्रा धरणावर आणि म्हैसूरच्या कृष्णराजसागरवर हीच कल्पना वापरली. आता एवढं मोठं श्रेय त्यांच्या नावावर पक्कं असताना अख्खं धरण कशाला त्यांच्या खात्यात टाकायचं, माणूस मोठा व्हायला तेवढं पुरे नाही का.

छावणीचं म्हणाल तर पुणे आणि खडकी कॅम्पला पाणी हा एक उद्देश होताच, तो मी लपवलेला नाही. पण नुसत्या छावणीसाठी कुणी पार दौंडकडच्या पाटसपर्यंत कालवा खणत नेत नाही. पुण्याच्या पूर्वेला हडपसर, लोणी ओलांडलं की पाऊस झपाट्याने कमी होत जातो, तो सगळा अवर्षणाचा पट्टा, आणि उजवा मुठा कालवा त्या पट्ट्यासाठी होता. त्यात सरकारचा स्वार्थ होता का? अर्थात होता, पाणीपट्टी मिळणार होती, शेतसारा बुडायचा थांबणार होता. आणि 1876-77 च्या दुष्काळात जी माणसं पोटासाठी सरकारी कामांवर आली त्यांच्याकडूनच मातीकाम करून घेतलं, पाटसजवळचा माटोबा तलाव त्याच दुष्काळी कामांतला. मला यात आरती ओवाळण्यासारखं काही दिसत नाही, पण पेशव्यांच्या काळातल्या कात्रजच्या पाण्यावर भागणारं शहर या धरणानंतर वाढू शकलं हेही नाकारता येत नाही.

आता तुमचा तिसरा मुद्दा. यावर मात्र मला खरंच भांडायचंय.

दगड-चुन्याचं धरण पाणी अडवतं ते स्वतःच्या वजनावर, बाकी काही जादू नसते. पाणी भिंतीला पुढे ढकलत असतं, वजन तिला जागेवर धरून ठेवतं. त्यात पाणी माथ्यापर्यंत असणं वेगळं आणि माथ्यावरून वाहणं वेगळं. समजा शंभर फुटांची भिंत आहे आणि तिच्या डोक्यावरून नऊ फूट पाणी चाललंय, तर तिला उलथवणारा जोर सव्वापटीपेक्षा जास्त होतो, आणि भिंतीचं वजन मात्र तेवढंच. शिवाय पाणी पायाखालच्या आणि दगडांमधल्या भेगांत शिरून भिंतीला खालून उचलायला बघतं. हा खालून लागणारा दाब हिशेबात धरायला हवा हे इंजिनिअर लोकांना नीट पटलं ते 1895 ला फ्रान्समधलं बूझे धरण फुटल्यावर. फाइफने काम सुरू केलं तेव्हा दगडी धरणांवरचा रँकिन या इंजिनिअरचा प्रसिद्ध रिपोर्टसुद्धा यायचा होता, तो 1872 चा. म्हणजे ही भिंत त्या शास्त्राच्या आधीची, आणि ती काही ठिकाणी अंगाने कमी पडते हे नंतर इंग्रजांच्याच लक्षात आलं, म्हणून मागून मातीचा भराव घालून तिला टेकू दिला. हे सगळं धरूनच मी तिला मजबूत म्हटलं होतं.

आता 12 जुलै 1961 बघा. वर आंबी नदीवर पानशेतचं मातीचं धरण, काम अजून अपुरं, पहिल्यांदाच भरत होतं. पाणी सोडायच्या मोरीचं काम धड झालेलं नाही, तिच्यावरचा भराव खचत गेला, जवान वाळूची पोती रचत राहिले आणि सकाळी ते फुटलं. ते सगळं पाणी खडकवासल्याच्या तलावात आलं. आजच्या आकड्यांत सांगायचं तर पानशेत 10.65 टीएमसीचं (एक टीएमसी म्हणजे एक अब्ज घनफूट पाणी) आणि खडकवासला 1.97 टीएमसीचा. एवढ्या पाण्याला तो तलाव काय पुरणार, आणि सांडवा तरी काय पुरणार. भिंतीवरून जवळपास नऊ फूट पाणी जात होतं, आणि ब्याऐंशी वर्षांची ती भिंत, जी यासाठी कधी बांधलीच नव्हती, काही तास तशीच उभी राहिली. फुटली ती दुपारी. शहरात पाणी तोवर शिरलेलं होतं, ते चढताना बघूनच कित्येक लोक मुलाबाळांना घेऊन उंचावर गेले. खरा लोंढा आला तो भिंत गेल्यावर. मधले ते तास मिळाले नसते तर नदीकाठच्या पेठांत काय झालं असतं याचा विचार करा, आणि मग पत्त्याचा बंगला म्हणा.

पडायचं खापर फोडायचंच असेल तर ते वरच्या धरणाच्या घाईवर फोडा, पानशेतच्या चौकशीसाठी नेमलेल्या नाईक आयोगाने त्यावर भरपूर लिहून ठेवलंय. त्याबद्दल वेगळं लिहा असं तुम्ही सुचवलंत ते मान्य, लिहीन, पण त्यात ही चौकशी आधी ज्यांच्याकडे होती त्या न्यायमूर्ती बावडेकरांच्या आत्महत्येपासून सगळंच येतं, ते असं उत्तरात उरकायचं प्रकरण नाही.

आणि शेवटी तुम्ही टोमणा मारलाय की एवढं थोर धरण तर चार दिवसांच्या पावसात भरून विसर्ग का सुरू होतो. अहो, ते थोर आहे म्हणून मोठं थोडंच आहे. पानशेत, वरसगाव, टेमघर आणि खडकवासला मिळून 29 टीएमसीच्या आसपास साठा, त्यात याचा वाटा दोन टीएमसीही नाही. वरच्या तिन्ही धरणांचं पाणी याच्यातूनच पुढे जातं आणि याचा स्वतःचा पाणलोट वेगळाच, त्यामुळे टेमघर निम्मंही भरलेलं नसताना खडकवासल्याची दारं उघडल्याची बातमी येते. 1961 नंतर फुटलेला भाग पुन्हा बांधून काढला तरी तलावाचा आकार काही बदललेला नाही.