टोमॅटोचं बूड पानातून बरं होत नाही

'पानांना खत द्या, मुळांना विसरा' हा मेसेज तीनदा आला, तीनदा मी सोडून दिला. चौथ्यांदा तो मेहुण्याने पाठवला, तोही टोमॅटोला जमिनीतून द्यायच्या खताचा पुढचा हप्ता रद्द करून. मग म्हटलं, आता लिहायलाच हवं.

मेसेजचा सगळा डोलारा एका आकड्यावर: फवारलेलं खत 95 टक्के लागू पडतं, जमिनीतलं जेमतेम 10 टक्के. आकडा हवेतला नाही. अमेरिकेतल्या मिशिगन स्टेट या शिक्षणसंस्थेतले शास्त्रज्ञ ट्यूकी आणि विटवर यांनी किरणोत्सारी मूलद्रव्यं वापरून पानं अन्न घेतात हे दाखवलं, आणि 1954 मध्ये ट्यूकींनी अमेरिकी संसदेच्या समितीपुढे ते मांडलं. पण ते म्हणाले होते '95 टक्क्यांपर्यंत'. ते 'पर्यंत' कुठेतरी गळालं. बरं, 100 टक्के धरू. एकराला 200 लिटर पाणी, त्यात एक टक्क्याने एकोणीस-एकोणीस (नत्र, स्फुरद, पालाश प्रत्येकी 19 टक्के असलेलं विरघळणारं खत), म्हणजे 2 किलो खत. त्यात नत्र 380 ग्रॅम. चांगल्या टोमॅटोला एकरी 60 किलोच्या आसपास नत्र लागतं. करा भागाकार. दीडशेच्या वर फवारण्या! प्रमाण वाढवाल तर पानं करपतील.

संताप येतो तो पुढच्या मुद्द्याचा: 'फळाचं बूड काळं पडलं की कॅल्शियम नायट्रेट फवारा, आठ दिवसांत फळ बरं.' अहो, काळं पडलेलं फळ कशानेच बरं होत नाही. कॅल्शियम पाण्याच्या ओढीबरोबर मुळांकडून वर चढतं आणि पानात पोचलं की तिथेच मुक्काम ठोकतं. तिथून फळाकडे ते जवळपास उतरतच नाही. पानं भराभर पाणी उडवतात, फळ फारसं नाही. म्हणून पाण्याचा ताण पडला की आधी फळच उपाशी. जमिनीत कॅल्शियम बहुतेकदा असतंच. नडतं ते कधी तुडुंब, कधी कोरडं पाणी, दुखावलेली मुळं, अमोनियाच्या रूपातलं जास्तीचं नत्र. मेहुण्याने तीन फवारण्या मारल्या आणि ठिबक आठवण येईल तेव्हा सोडलं. तीन आठवड्यांची फळं गेली.

'सगळं एकाच टाकीत कालवा' म्हणे. कॅल्शियम नायट्रेटमध्ये सल्फेट किंवा फॉस्फेट पडलं की साका धरतो आणि नोझल तुंबतं. भर दुपारी फवारलं तर थेंब वाळून क्षार पानावरच राहतात.

एक मात्र नाइलाजाने कबूल. चुनखडीच्या जमिनीत लोह, जस्त अडकून पडतं, आणि त्यांची गरजही थोडीच असते. तिथे फवारणी खरंच कामाला येते. नवी पानं पिवळी आणि शिरा हिरव्या दिसल्या की लोहाची फवारणी मीही करतो.

मेहुण्याला सांगितलंय, पंप ठेव बाजूला आणि आधी ठिबक कधी, किती वेळ चालतं ते लिहून काढ.