सिंधुदुर्ग तासाभरात नाही होत राजेहो

राजेहो, कोकणात गेलं की आपल्या विदर्भाकडचे लोक तारकर्लीच्या पाण्यात खेळतात, मासे खातात, आणि जाता जाता किल्लाही करून घेऊ म्हणून मालवणच्या धक्क्यावरून सिंधुदुर्गला जातात. होडीवाला सांगते तासाभरात परत या. मग काय, पळत पळत शिवराजेश्वराच्या, म्हणजे किल्ल्यातल्या शिवाजी महाराजांच्या मूर्तीच्या, पाया पडायचं, दोन-चार फोटो काढायचे अन् परत होडीत. मला हे अजिबात पटत नाही. हा किल्ला पायी फिरायचा आहे, तोही तटावरून, आणि त्याला अर्धा दिवस पाहिजेच.

२५ नोव्हेंबर १६६४ ला महाराजांनी कुरटे बेटावर काम सुरू केलं आणि १६६७ मध्ये किल्ला उभा झाला. ४८ एकर जागा, म्हणजे आपल्याकडच्या एखाद्या मोठ्या पाटलाचं वावर, अन् तिच्याभोवती जवळपास तीन किलोमीटरचा तट. होडी पार जवळ जाईपर्यंत दरवाजा कुठं आहे तेच समजत नाही, बुरुजांच्या आड लपवला आहे. वर चढून चालत गेलं की एका बुरुजावरून दुसऱ्याच्या बुडाशी कोण आलं ते साफ दिसते, मग कळते की तट असा नागमोडी कशाला बांधला. हे खालून फोटो काढून कळणार नाही.

आणि विहिरी! दूधबाव, दहीबाव, साखरबाव. आम्ही खारपाणपट्ट्यातले लोक, दर्यापूरकडचे, समुद्र शेकडो कोस दूर तरी आमच्या विहिरीचं पाणी खारट, अन् इथं चारही बाजूंनी समुद्र आणि आत गोडं पाणी. सोबत आलेल्या मामाजींनी ओंजळीत घेऊन पहिले नुसतं जिभेला लावलं, मग माझ्याकडे पाह्यलं, मग पोटभर पिले. पावसाचं पाणी खडकात मुरते, गोडं पाणी खाऱ्यापेक्षा हलकं म्हणून वर राहते, हे मी त्यांना सांगितलं, पण ते किती तरी वेळ विहिरीच्या काठावरून उठले नाहीत. तासाभराच्या हिशोबात हे कसं बसवायचं तुम्हीच सांगा.

जुलै २०२५ मध्ये युनेस्कोने जागतिक वारसा म्हणून जे १२ किल्ले घेतले त्यात सिंधुदुर्ग आहे. मग आता तरी सकाळच्या होडीने गेलेल्या माणसाला दुपारच्या कोणत्याही होडीने परत येता आलं पाहिजे, त्याचे चार पैसे जास्त घ्या, लोक खुशीनं देतील. म्हाताऱ्या माणसांना तर पळवूच नका.

आपल्याकडून जाणाऱ्यांनी तूर-हरभरा निघाला की लगेच निघावं, पावसाळ्यात होड्या बंद असतात. नागपूर-मडगाव गाडीने कुडाळला उतरा, तिथून मालवणला बस आहे. मुक्काम मालवणातच करा आणि सकाळची पहिली होडी पकडा, तटावर सावली नाही, दुपट्टा सोबत ठेवा.